वारो खयसून येता?

स्पेनमधल्या मालागा शहरात, एल पालोच्या किनाऱ्यावर बाबांना पहिल्यांदा नेलं तेव्हा त्यांनी समुद्राकडे फारसं पाहिलंच नाही. त्यांची नजर एका होडीवर अडकली. लहानशी, रंग उडालेली, वाळूत अर्धी रुतवून ठेवलेली होडी. आत वल्ही नाहीत, जाळं नाही. काठापर्यंत वाळू भरलेली, वाळूवर लाकडं पेटलेली आणि आगीच्या कडेने मासे ओवलेल्या काठ्या तिरक्या रोवलेल्या. हाफपँट घातलेला, उन्हाने रापलेला एक माणूस त्या काठ्या एकेक करून फिरवत होता.

"होडयेत रेव कित्याक भरल्यानी?" बाबांनी विचारलं.

मी सांगितलं, की ही आता चूल आहे. किनाऱ्यावरच्या प्रत्येक खानावळीपुढे अशी एक होडी असते, काही मुद्दाम बनवून घेतलेल्या, काही खरोखर समुद्रावर जाऊन आलेल्या. बाबा जवळ गेले, वाकून एका फळीवरून बोट फिरवलं. तिथे दुरुस्तीची जुनी खूण होती. "ही जावन् इलेली आसा," ते म्हणाले आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

आमच्या देवगडात म्हातारी झालेली होडी माडाखाली कुजत पडते. पोरं तिच्यात लपाछपी खेळतात, कोंबड्या अंडी घालतात. इथे तिला शेवटचं काम म्हणून आग सांभाळायला दिलेली. त्या संध्याकाळी घरी येताना मी ठरवलं, की आई-बाबा आहेत तोवर एकदा सगळ्यांना बोलवायचं आणि मासे भाजायचे. खानावळीत जाऊन नव्हे, आपण, आपल्या हाताने.

मालागात राहायला येऊन मला सात वर्षं झाली. नवरा इथल्या टेक्नॉलॉजी पार्कात काम करतो, मी घरून भाषांतराचं काम करते. या शहरात पाहुण्यांना बोलवायचं तर उन्हाळ्यात, आणि उन्हाळ्यात बोलवायचं तर विस्तवावर काहीतरी भाजायला, ही इथली सहज रीत. मराठी माणसाला हे जरा उलटं वाटतं. आपली आगीभोवतीची जेवणं थंडीतली. सोलापुरा-नगराकडचा हुरडा डिसेंबर-जानेवारीतला, अलिबागची पोपटी वालाच्या शेंगा भरल्या की. भर जूनमध्ये शेकोटीजवळ कोण उभं राहील? पण इथे जूनच्या अखेरीस सूर्य साडेनऊनंतर मावळतो. दिवसभर लोक पडदे ओढून घरात बसतात, आणि आठनंतर सगळं शहर बाहेर पडतं. रात्री दहाला जेवण म्हणजे वेळेवर. उन्हाळा इथे रात्रीचा ऋतू आहे हे समजायला मला दोन वर्षं लागली.

आणि मासा. तारलीचं कुळ दोन्हीकडे आहे. कोकणातली तारली आणि इथली सार्दिना या एका कुळातल्या दोन वेगळ्या जाती. मालागात सांगतात, की ज्या महिन्यांच्या नावात 'र' नाही त्या महिन्यांत सार्दिना खावी: मायो, खुनियो, खुलियो, आगोस्तो, म्हणजे मे ते ऑगस्ट. तेव्हा तिच्या अंगावर चरबी चढलेली असते, आणि भाजताना तीच चरबी तिला आतून शिजवते. हे ऐकून बाबा हसले नाहीत, गंभीरपणे मान हलवली. कारण नेमक्या याच दिवसांत आमच्याकडे समुद्र बंद असतो. जून-जुलैत मासेमारीला बंदी, होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या, घरात सुकट आणि खारवलेले बांगडे. नारळी पौर्णिमेची वाट पाहत काढायचे ते दिवस. बाबांनी आयुष्यातले पासष्टेक जून ताज्या मासळीविना काढलेत. यंदाचा पहिलाच वेगळा.

मी वही काढून बेत लिहायला बसले. पाहुणे चौदा. नवऱ्याच्या ऑफिसातले काही जण, त्यांत मोरोक्कोहून आलेलं एक जोडपं, पुण्याचं एक शाकाहारी कुटुंब, माझ्या दोन मैत्रिणी, आणि आई-बाबा. आई मासे खाते, पण सोमवारी आणि गुरुवारी नाही, म्हणून शनिवार. पहिल्या पानावर अकरा पदार्थ झाले. माशांना आदल्या रात्री लावायला आगळ-हळद-मीठ आणि मालवणी मसाला, त्याखाली चटण्या, भात, गोड दोन प्रकारचं. आपल्याकडे पाहुणा म्हटला की पान भरलेलं दिसलं पाहिजे, एक वाटी रिकामी दिसली तरी घरच्या बाईचा जीव खालीवर होतो. ते माझ्या अंगात मुरलेलं आहे, त्याची मला लाज नाही.

प्रश्न जागेचा होता. आमच्या इमारतीत गच्चीवर कोळसा पेटवायला मनाई आहे. एका मैत्रिणीचं डोंगरात घर आहे, भोवती बदामाची झाडं, वर्षभर मी त्याच अंगणाची स्वप्नं पाहत होते. पण अंदालुसियात, म्हणजे मालागा ज्या प्रदेशात आहे तिथे, 1 जून ते 15 ऑक्टोबर हा वणव्यांच्या धोक्याचा काळ धरतात, आणि तेवढ्या काळात रानात आणि रानाच्या कडेपासून 400 मीटरच्या पट्ट्यात जेवणासाठीसुद्धा उघडी आग पेटवता येत नाही. मैत्रिणीचं घर त्या पट्ट्यात. मला हा नियम पूर्ण पटतो. इथले डोंगर ऑगस्टमध्ये पाहिले, की काडी ओढायलाही हात धजत नाही. किनाऱ्यावर म्हणावं तर वाळूवर मनाला येईल तेव्हा शेकोटी करता येत नाही. 23 जूनच्या रात्री, सान खुआन या संताच्या सणाच्या जागरणाला, किनाऱ्यावर आगी पेटतात, चिंध्यांच्या बाहुल्या जाळतात, त्यांना इथे खुआ म्हणतात. पण त्या रात्री तिथे पाय ठेवायला जागा नसते, आणि आईचे गुडघे दुखतात.

शेवटी जागा दिली ती एल पालोतल्या एका आजोबांनी. ते निवृत्त मच्छीमार, वय ऐंशीच्या पुढे. मी त्यांना काही वर्षांपासून ओळखते, त्यांची कागदपत्रं वाचून दाखवते, ते मला मासे ओळखायला शिकवतात. इथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना नुसत्या नावाने हाक मारते, या लेखात मात्र आजोबाच म्हणते. समुद्रापासून दोन गल्ल्या आत त्यांचं बैठं घर, मच्छीमारांच्या जुन्या घरांपैकी, मागे फरसबंद अंगण, आणि अंगणात लोखंडी पिंप उभं कापून वाळूने भरलेलं. त्यांची स्वतःची होडीच ती एका परीने.

मी वही घेऊन गेले. अकरा पदार्थ वाचून दाखवले. ते लक्ष देऊन ऐकत होते. संपल्यावर त्यांनी एकच विचारलं, "त्या दिवशी वारा कुठून असेल?"

मला वाटलं, त्यांनी नीट ऐकलं नाही. मी पुन्हा सांगितलं, मसाला आदल्या रात्री लावणार. ते म्हणाले, "मसाला नको. मीठ. आणि मीठही जाडं, भाजायला ठेवायच्या आधी लगेच." मग त्यांनी मला एस्पेतो समजावून दिला, तोही खुर्चीत बसून नव्हे, अंगणात उभं राहून.

एस्पेतो म्हणजे ती काठी, आणि काठीवर ओवलेल्या माशांनाही तेच नाव. पूर्वी ती ओढ्याकाठच्या बोरूसारख्या जाड नळीची, उभी चिरून टोक काढलेली असायची. आता बहुतेक ठिकाणी लोखंडी असते, आजोबांकडे दोन्ही होत्या. एका काठीवर साधारण सहा सार्दिना. त्या साफ करायच्या नाहीत, खवलं काढायची नाहीत, पोट चिरायचं नाही. आईला हे ऐकवताना मला धाप लागली होती. काठी मणक्याच्या खालून जायला हवी, म्हणजे मासा शिजून मऊ झाला की मणकाच त्याला काठीवर तोलून धरतो. काठी मणक्याच्या वरून गेली तर अर्ध्या वाटेत मासा राखेत. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, काठ्या आगीच्या त्या बाजूला रोवायच्या जिकडून वारा येतो. म्हणजे ज्वाळा आणि धूर पलीकडे जातो, माशाला मिळते ती फक्त निखाऱ्याची धग. धुराचा वास लागलेली सार्दिना आजोबांच्या लेखी वाया गेलेली सार्दिना. होडी ही चूल म्हणून का सोयीची, तेही तेव्हा कळलं: वारा फिरला तर आग हलवावी लागत नाही, काठ्या या कडेच्या उपटून त्या कडेला रोवल्या की झालं.

लाकूड ऑलिव्हचं. सावकाश जळतं, निखारा टिकतो. माणसं यायच्या तासभर आधी पेटवायचं.

घरी येऊन मी हे सगळं सांगितलं, तेव्हा आई गप्प झाली. तिने देवगडहून किलोभर मसाला आणला होता, यासाठीच. नुसत्या मिठाचा मासा आपण आजाऱ्याला देतो. माझीही बाजू तिचीच होती. नवरा अलिबागचा, तो म्हणाला, "मग पोपटीत काय घालतो आपण?" आणि खरंच. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ. कोंबडी असेल तर तिला थोडं काही चोळलेलं. वरून पुन्हा पाला कोंबून मडकं उपडं, भोवती जाळ. पाण्याचा थेंब नाही, तेल नाही. त्या शेंगांना कधी कुणी मसाला मागितला? मी पोपटी पहिल्यांदा खाल्ली ती लग्नानंतर, शेतात, कुडकुडत, आणि बोटं भाजत असताना मला हेच वाटलं होतं, की यात काही घालू नये. ते मी विसरले होते. मी वही उघडून पहिलं पान फाडलं. आई म्हणाली, "आमच्या तुकड्यांका मी लावतलंय." त्यावर तडजोड झाली: चार बांगडे मसाल्याचे, तव्यावर, घरून करून नेलेले.

पहिला शनिवार वाया गेला. शुक्रवारी दुपारी तेर्राल सुटला. हा मालागाचा स्वतःचा वारा, डोंगरापलीकडून जमिनीवरून येतो, उतारावरून खाली येताना आणखी तापतो आणि कोरडा होतो. पारा चाळिशीकडे जातो, दारं-खिडक्या बंद, भिंतीसुद्धा गरम लागतात. आणि विचित्र म्हणजे त्याच दिवशी समुद्राचं पाणी बर्फासारखं थंड, कारण तो वारा वरचं ऊबदार पाणी आत ढकलतो आणि खालचं गार पाणी वर येतं. मी सकाळी आजोबांना फोन केला. ते म्हणाले, आज आगीचं नावही काढू नकोस. मी चौदा जणांना कळवलं. कुणीही का म्हणून विचारलं नाही, तेर्राल हा शब्द पुरला. मोरोक्कोच्या मैत्रिणीने तर उत्तरात नुसतं, तिच्याकडचा असाच वारा काय करतो ते लिहून पाठवलं.

पुढच्या शनिवारी सकाळी आठला आई आणि मी अतारासानास मंडईत. या मंडईवर मी फार प्रेम करते. लोखंड आणि रंगीत काचांची ही इमारत 1870च्या दशकातली, पण तिचं दगडी प्रवेशद्वार चौदाव्या शतकातलं, ग्रानादाच्या नासरी सुलतानांच्या काळातलं. तेव्हा इथे जहाजं बांधायचा कारखाना होता, नावाचा अरबी अर्थ तोच, आणि समुद्र या दारापर्यंत येत होता. आता समुद्र बराच लांब गेला, मासे मात्र अजून याच दारातून आत येतात.

आईला या दाराशी देणंघेणं नव्हतं. तिने थेट पहिल्या ओट्यावरच्या सार्दिनेचा कल्ला उचलायला हात घातला. इथे गिऱ्हाइकाने माशाला हात लावायची पद्धत नाही. मी तिचा हात धरणार तोच विक्रेतीच्या ते लक्षात आलं. तिने आईकडे एकदा पाहिलं, लुगड्यासारखी नेसलेली सुती साडी, कपाळावर कुंकू, आणि मासा निरखणारे ते डोळे. मग स्वतःच एक सार्दिना उचलून आईच्या समोर धरली, अंगठ्याने कल्ला उघडला. लालभडक. शेपटी धरून आडवा धरला तर मासा वाकला नाही. आईने मान हलवली. भाषेचा एक शब्द न वापरता पाच किलोचा सौदा झाला, आणि भाव करता येत नाही याचं आईला घरी पोहोचेपर्यंत वाईट वाटत राहिलं.

दुपारी स्वयंपाकघरात आम्ही आखोब्लान्को केलं. मालागाचं हे थंड सार: सोललेले बदाम, लसूण, भिजवलेला शिळा पाव, ऑलिव्ह तेल, थोडा व्हिनेगर, मीठ, पाणी. सगळं बारीक वाटून गाळून बर्फासारखं गार करायचं, वरून मस्कत जातीची द्राक्षं. जूनमध्ये द्राक्षं नसतात म्हणून मी इथल्याच डोंगरातल्या मनुका घातल्या. आईने चमचाभर चाखून विचारलं, "सोलकढीत पाव कित्याक घातल्यानी?" मी हातातलं काम थांबवून तिच्याकडे पाहत राहिले. नारळाच्या जागी बदाम, आमसुलाच्या जागी व्हिनेगर, लसूण दोन्हीकडे, आणि दोन्ही जेवणाच्या वेळी पोट निववायला. सात वर्षं मी हे सार करते आहे, मला कधी दिसलं नव्हतं. मग तिने डब्यातल्या नारळाच्या दुधाची सोलकढी केली. रंग आला, चव थोडी कमी आली, नारळ खवणीवर खवलेला नव्हता हे तिने प्रत्येक पाहुण्याला माझ्याकरवी सांगितलं.

शाकाहाऱ्यांचं मी आधीपासून नीट ठरवून ठेवलं होतं, कारण अशा जेवणात त्यांच्या वाट्याला पाव आणि काकडी येते ते मी पाहिलंय आणि मला ते सहन होत नाही. वेगळी जाळी, वेगळा चिमटा. भाज्यांचं काम आगीच्या वेळापत्रकाशी आपोआप जुळतं. माशाला शांत निखारा लागतो, वांग्याला आणि मिरचीला मात्र पेटता जाळ चालतो, त्यांची सालं काळीठिक्कर व्हायलाच हवीत. म्हणून आग बसेपर्यंतच्या वेळात लाल ढोबळी मिरची, वांगी आणि अख्खे कांदे भाजून झाले. मिरच्या झाकून ठेवायच्या, वाफेने साल सुटते, मग हाताने लांब पट्ट्या काढायच्या, त्यांचा सुटलेला रस टाकायचा नाही, त्यातच तेल, व्हिनेगर, मीठ. मालागाच्या किनाऱ्यावर सार्दिनेबरोबर हेच असतं. वांगं-कांद्याचा तसाच प्रकार काताल्युनियात एस्कालिवादा म्हणून करतात, त्या नावातच निखारा आहे. पुण्याच्या काकूंनी पट्ट्या न ठेवता वांगं थेट चमच्याने ठेचलं आणि त्यात कच्चा कांदा घातला. तेही बरोबरच होतं. बटाटे राखेत पुरलेले, आणि नुसता लसूण-मीठ खलबत्त्यात कुटून त्यात थेंब थेंब तेल जिरवून केलेलं आलिओली, अंड्याशिवायचं.

कोंबडीचे पिंचितो मोरोक्कोच्या जोडप्याने आणले. काडीवर ओवलेले हे छोटे तुकडे अंदालुसियात सगळीकडे मिळतात, पूर्ण नाव पिंचो मोरुनो, म्हणजे मूरांचे, उत्तर आफ्रिकेकडच्या मुसलमानांचे. मसाला जिरं, धणे, हळद, लाल मिरचीची पूड. आईने बरणी हुंगली आणि तिच्या तोंडावर दिवसभरात पहिल्यांदा निर्धास्त भाव आला.

पाहुणे साडेआठपासून येत राहिले, इथे साडेआठ म्हणजे नऊ. प्यायला तिंतो दे वेरानो, लाल वाइन आणि लिंबाचा गोड सोडा, भरपूर बर्फ. सांग्रिया इथले लोक घरी क्वचितच करतात. न पिणाऱ्यांना कोकम सरबत. आणि इथे मला माझ्या सवयीशी झगडावं लागलं. ताटं मांडलेली नव्हती. एक लांब टेबल, त्यावर पाव, टोमॅटो, मिरच्यांचं कोशिंबिरीसारखं, आखोब्लान्कोचे छोटे पेले. बाकी सगळं आगीकडून येणार, जसजसं होईल तसतसं. एका वेळी चार-पाच काठ्या. ज्याच्या हाताशी येईल त्याने घ्यायचं. मी दोनदा आग्रह करायला गेले, "अजून घ्या ना", आणि दोन्ही वेळा लक्षात आलं, की पाहुणा आधीच आगीपाशी उभा आहे, पुढच्या काठीकडे पाहत. आग्रहाचं काम वासच करत होता.

काटा-चमचा ठेवला नव्हता. याची एक गोष्ट मालागात प्रत्येक जण सांगतो, आजोबांनीही सांगितली. 1884च्या नाताळच्या दिवशी अंदालुसियात मोठा भूकंप झाला, त्यानंतर राजा बारावा आल्फोन्सो पाहणीला आला. एल पालोत मिगेल नावाच्या खानावळवाल्याने त्याला सार्दिना वाढली. राजाने काटा-सुरी उचलली तसा मिगेल म्हणाला, "असं नाही महाराज, बोटांनी." गोष्ट जशी घडली असेल तशी असेल. पण ती सांगताना आजोबांनी स्वतः एक मासा उचलला, डोकं-शेपटी दोन हातांत धरली, एका बाजूचं मांस दातांनी अलगद सोडवलं, उलटा केला, दुसरी बाजू. हातात राहिला तो डोक्यापासून शेपटीपर्यंत अख्खा काटा, फणीसारखा स्वच्छ. पोट साफ का करत नाहीत ते आईला तेव्हा पटलं, सगळं त्या काट्याला चिकटून बाजूला राहतं. बाबांनी शेजारी बसून तसंच केलं, पहिल्याच खेपेला. आजोबांनी भुवया वर केल्या.

त्यानंतर ते दोघे इतरांचे राहिले नाहीत. मी दुभाषा म्हणून मध्ये बसले होते, पण तासाभराने माझी गरज उरली नाही. आजोबांनी सांगितलं, पूर्वी इथे खाबेगा नावाच्या होड्या होत्या, लांब, पुढच्या टोकाला डोळा रंगवलेल्या. होडी जाळं घेऊन अर्धवर्तुळ मारून परत यायची आणि जाळ्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसं ओढायची. कंबरेला पट्टा बांधून, पाय वाळूत रोवून, मागे मागे सरकत. बाबा उठून उभे राहिले. "रापण!" ते म्हणाले, आणि अंगणात, ऑलिव्हच्या लाकडाच्या उजेडात, त्यांनी रापण ओढून दाखवली, डाव्या पायाचा तो विशिष्ट रेटा देऊन. आजोबा बसल्या जागी तोच पाय हलवत होते. मासळीचे वाटे कसे पडायचे, होडीचा वाटा किती, जाळ्याचा किती, ज्याने नुसती दोरी धरली त्याला काय, हे दोघांनी बोटांवर मोजून एकमेकांना सांगितलं. वाट्याला आलेल्या माशांतले थोडे तिथेच वाळूवर भाजून सगळ्यांनी खायचे, त्याला इथे मोरागा म्हणतात. आज आपण जी मेजवानी म्हणून करतो, ती मुळात दोरी ओढून थकलेल्या माणसांची न्याहारी होती. ते जाळं आता या किनाऱ्यावर ओढत नाहीत. खाबेगा उरल्यात त्या शर्यतींपुरत्या, उन्हाळ्यात दिसतात.

बाराच्या सुमारास कलिंगड कापलं. कुणी उठायचं नाव घेत नव्हतं. जेवण झाल्यावर टेबलाशी तसंच बसून राहण्याला स्पॅनिशमध्ये सोब्रेमेसा असा वेगळा शब्द आहे, आणि पाहुणे सोब्रेमेसा न करता गेले तर यजमानाला काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. पुण्याच्या काकांनी शतपावली म्हणून अंगणाला चार फेऱ्या मारल्या आणि पुन्हा येऊन बसले. पोरं टाइल्सवर झोपली होती.

शेवटच्या तीन काठ्या आगीजवळ होत्या, उशिरा आलेल्या एका मैत्रिणीसाठी. वारा संध्याकाळपासून समुद्राकडून होता, म्हणून काठ्या दक्षिणेच्या कडेला. मी आजोबांच्या मागे बसले होते. मला वाऱ्यात काहीही फरक जाणवला नाही. धूर सरळ वर जात होता. बाबा बोलता बोलता थांबले, गाल थोडा उत्तरेकडे वळवला, आणि उठले. तिन्ही काठ्या एकामागून एक उपटल्या, पिंपाला वळसा घालून पलीकडच्या कडेला वाळूत तिरक्या रोवल्या, माशांची पाठ आगीकडे करून. आजोबा दोन्ही हात खुर्चीवर टेकून उठायच्या बेतात होते. ते परत खाली बसले. मग धूर वळला, आत्ताच जिथे काठ्या होत्या त्या बाजूला.

"मतलय," बाबा म्हणाले.

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, रात्री जमिनीवरून समुद्राकडे जातो त्या वाऱ्याला आमच्याकडचं नाव.

"तेर्राल," आजोबा म्हणाले. परवाचा तो आग ओकणारा नव्हे, असं त्यांनी हातानेच सांगितलं. हा दुसरा, रात्रीचा, ज्याच्यावर शीड लावून बाहेर पडायचं तो.

बाबांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. आजोबांनी त्यांचा.